घरगुती गोधडीतील लोकरीचे भरण : गुणधर्म, वापर आणि धुलाई

प्रस्तावना

महाराष्ट्रातील घरगुती पांघरुणांचा विचार करताना गोधडी आणि घोंगडी या दोन वस्तू प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. गोधडी ही घरातील स्त्रियांनी जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवर अंथरून, त्यांवर धावदोरा घालून शिवलेली वस्तू होय. घोंगडी ही दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून सनगर आणि खुटेकर धनगर या समाजांतील विणकरांनी खड्डामागावर विणलेली वस्तू होय. या दोन्ही वस्तू एकाच घरात, अनेकदा एकाच दांडीवर, पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. तथापि लोकर गोधडीच्या पोटात सहसा गेली नाही. वेल्ससारख्या थंड व मेंढपाळी प्रदेशात मात्र पिंजलेली लोकर हेच घरगुती रजईचे नेहमीचे भरण होते.

हा भेद केवळ हवामानाचा किंवा आवडीनिवडीचा नाही. त्याचा संबंध वस्त्र धुण्याच्या पद्धतीशीही आहे. आज महाराष्ट्रातील लोकर मोठ्या प्रमाणात निरुपयोगी ठरून टाकून दिली जात असताना आणि बाजारातील रजयांत पॉलिएस्टरचे भरण सर्रास वापरले जात असताना या प्रश्नाला नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. लोकरीचे भरण असलेली गोधडी घरी बनवता येईल काय, आणि बनवल्यास ती धुता येईल काय, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लोकर पाण्याने बिघडते हा समज अपुरा आहे. पाण्याबरोबर हालचाल, उष्णता आणि अल्क यांचा योग झाला म्हणजे ती बिघडते, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

लोकरीच्या भरणाची परंपरा

वरचे कापड, खालचे अस्तर आणि मधले भरण असे तीन थर एकत्र शिवून पांघरूण तयार करण्याची पद्धत अनेक देशांत आढळते. मधल्या थरासाठी ज्या प्रदेशात जे सहज मिळते, ते वापरले जाते. उत्तर भारतातील रजईत कापूस असतो, चीनमध्ये कापसाबरोबर रेशमाचेही भरण वापरले जाते. वेल्समधील शेतकरी कुटुंबांत घरच्या मेंढ्यांची लोकर धुऊन, पिंजून रजईत भरली जाई. कुंपणाच्या काटेरी झुडपांना अडकलेले लोकरीचे पुंजकेही त्यासाठी वेचले जात. जुनी, झिजलेली घोंगडीवजा पांघरुणे रजईच्या पोटात घालून त्यांना दुसरे आयुष्य देण्याची रीतही तेथे होती. या रीतीचे आपल्या गोधडीशी असलेले साम्य लक्षणीय आहे.

पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण वेल्समधील कोळसा खाणींवर मंदीचे संकट कोसळले. त्या काळात, १९२८ मध्ये, ब्रिटनच्या ग्रामीण उद्योग विभागाने खाणकामगारांच्या कुटुंबांतील स्त्रियांना रजई शिवण्याचे काम मिळवून देणारी योजना सुरू केली. घरगुती कौशल्य हे उपजीविकेचे साधन होऊ शकते, याचे हे एक नोंद घेण्याजोगे उदाहरण होय. मात्र अशी वस्तू अपरिचित ग्राहकाच्या हाती जाते, तेव्हा तिची निगा कशी राखावी हे ज्ञानही तिच्यासोबत जावे लागते. घरात शिवणारी आणि धुणारी व्यक्ती एकच असते; बाजारात ती एकच नसते. आपल्याकडे बचत गटांमार्फत विक्रीसाठी गोधड्या तयार होत असताना हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

लोकरीची रचना आणि ऊब

लोकर हे केराटिन या गंधकयुक्त प्रथिनाचे तंतू होत. प्रत्येक तंतूला नैसर्गिक नागमोडी वळण असते. या वळणामुळे तंतू एकमेकांना पूर्णपणे चिकटून बसत नाहीत व त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. ऊब टिकवण्याचे काम मुख्यतः ही स्थिर हवा करते. दाबून सोडल्यावर लोकरीचा थर पुन्हा फुगतो, याचेही कारण हेच वळण होय. कापसाचा थर वापराने दबत जातो व काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. लोकरीचा थर त्या मानाने आपला फुगीरपणा अधिक काळ टिकवतो.

आर्द्रतेच्या बाबतीत लोकरीचे वर्तन विशेष उल्लेखनीय आहे. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५ टक्के इतकी वाफ शोषून घेते. कापसाच्या बाबतीत हे प्रमाण ७ ते ८ टक्के, तर पॉलिएस्टरच्या बाबतीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. अतिशय दमट हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के वाफ सामावून घेऊनही हाताला ओली लागत नाही. वाफ शोषताना ती थोडी उष्णताही बाहेर टाकते. झोपलेल्या व्यक्तीच्या शरीरातून निघणारा घाम अशा रीतीने सामावला जात असल्याने लोकरीचे पांघरूण दमट व कोंदट वाटत नाही. शिवाय लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि पेटली तरी पॉलिएस्टरप्रमाणे वितळून अंगाला चिकटत नाही. चुलीच्या वा शेकोटीच्या आसपास झोपणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा गुण कमी महत्त्वाचा नाही.

लोकर आटते कशामुळे?

लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्या सर्वांची टोके एकाच दिशेला, तंतूच्या शेंड्याकडे, असतात. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने मात्र अडतो. कोरड्या अवस्थेत याचा फारसा परिणाम जाणवत नाही. पाण्यात तंतू फुगतात व लवचीक होतात. अशा वेळी त्यांना चोळले, आपटले किंवा घुसळले असता प्रत्येक तंतू आपल्या मुळाच्या दिशेने थोडा-थोडा सरकत राहतो. परत मात्र येऊ शकत नाही. हजारो तंतू असे एकमेकांत गुंतत गेल्यावर संपूर्ण थर आखडतो, जाड व ताठ होतो. ही क्रिया उलट फिरवता येत नाही.

राजस्थानातील टोंक येथील आणि काश्मीरमधील नमदा बनवणारे कारागीर याच गुणाचा हेतुपुरस्सर उपयोग करतात. लोकरीचा थर अंथरून, त्यावर साबणाचे पाणी शिंपडून, तो गुंडाळून, दाबून व लाटून ते न विणलेले घट्ट कापड तयार करतात. नमदा करणाऱ्यास जे हवे असते, तेच रजई करणाऱ्यास टाळावयाचे असते. रजईच्या पोटातील लोकर चुकीच्या पद्धतीने धुणे म्हणजे रजईच्या आत नकळत नमदा तयार करणे होय. बाहेरचे सुती कापड तेवढे आटत नाही. परिणामी वर सुरकुत्या, आत गाठी आणि मध्ये रिकाम्या जागा अशी त्या पांघरुणाची अवस्था होते.

दुसरा घटक अल्काचा. केराटिनमधील गंधकाचे बंध अल्कामुळे तुटतात. प्रयोगशाळेत ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात लोकर काही मिनिटांत विरघळते, तर कापूस तसाच राहतो. तंतूंची ओळख पटवण्याची ही परिचित चाचणी आहे. धुण्याचा सोडा आणि कपड्यांचा साबण यांचे द्रावण अल्कधर्मी असते. तेवढ्याने लोकर विरघळत नसली तरी ती खरखरीत, पिवळट आणि ठिसूळ होते. तिसरा फरक ओल्या अवस्थेतील बळाचा. कापूस ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो. लोकर ओली झाल्यावर कमजोर होते.

या तीन बाबी एकत्र पाहिल्यास गोधडी आणि लोकर यांच्यातील दुराव्यावर काहीसा प्रकाश पडतो. नदीच्या घाटावर गोधडी सोड्याच्या पाण्यात भिजवून, दगडावर आपटून, बडवून आणि दोघींनी दोन टोके धरून पिळून धुतली जाई. सुती थरांना ही पद्धत मानवते. लोकरीच्या भरणाला ती घातक ठरते. घरात जुने सुती कापड फुकट उपलब्ध होते आणि लोकर हा स्वतंत्र व्यवसायाचा माल होता, ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला धुण्याची रीत हेही एक कारण असावे, असे अनुमान यावरून काढता येते.

दख्खनी लोकर : मर्यादा आणि जमेच्या बाजू

दख्खनी मेंढी महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणाच्या अवर्षणप्रवण पठारी भागात पाळली जाते. तिची लोकर प्रायः काळी किंवा करडी, आखूड आणि जाडीभरडी असते. मेरिनो लोकरीच्या तंतूची जाडी सामान्यतः १७ ते २४ मायक्रॉन असते. दख्खनी लोकरीची सरासरी जाडी ३५ मायक्रॉनच्या वर जाते आणि तीत पोकळ गाभ्याच्या केसाळ तंतूंचे प्रमाणही पुष्कळ असते. सुमारे ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके त्वचेला टोचतात. त्यामुळे अंगावरच्या तलम कपड्यांसाठी ही लोकर उपयोगी पडत नाही.

पूर्वी घोंगडी हा या लोकरीचा मोठा आधार होता. पानिपतसारख्या केंद्रांतून येणारी स्वस्त यंत्रनिर्मित ब्लँकेटे बाजारात आल्यावर घोंगडीची मागणी घटली. मेंढीपालनाचा भरही मांसोत्पादनाकडे वळला. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोळ मेंढीतील जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून विकसित केलेली ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी या बदलत्या दिशेचीच निदर्शक आहे. मेंढ्यांची कातरणी मात्र आरोग्याच्या दृष्टीने टळत नाही. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीच्या विक्रीतून निघत नाही आणि कातरलेली लोकर रानात टाकून दिली जाते.

भरणाच्या दृष्टीने पाहता या लोकरीचे दोष काही अंशी सौम्य होतात. भरण कापडाच्या आत राहत असल्याने रंगाला महत्त्व उरत नाही. जाड तंतू ताठ असल्यामुळे थर दबून राहत नाही. तलम लोकरीपेक्षा जाडीभरडी लोकर आटण्यासही कमी प्रवण असते, हा सर्वांत मोठा लाभ होय. कमी प्रवण म्हणजे मुक्त नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. उलटपक्षी ताठ व आखूड तंतू कापडाच्या विणीतून बाहेर डोकावतात. पांघरुणाच्या पृष्ठभागावर अशी लव उगवल्यासारखी दिसू लागते आणि ती टोचते. दख्खनी लोकर भरण म्हणून वापरताना खरी अडचण येथे आहे व तिचा उपाय शिवणीच्या टप्प्यावरच करावा लागतो.

भरणाची तयारी आणि शिवण

कातरलेल्या लोकरीत माती, गोखरू-कुसळे, घामाचे क्षार आणि लोकरीची नैसर्गिक चरबी असते. ही चरबी सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कच्ची लोकर प्रथम झटकून, काडीकचरा वेचून, ५० ते ६० अंश तापमानाच्या पाण्यात सौम्य प्रक्षालक घालून केवळ बुडवून ठेवावी. इतके गरम पाणी आणि न आटलेली लोकर यांत विरोध वाटण्याचा संभव आहे. परंतु हालचाल नसल्यामुळे ती आटत नाही. पाणी थंड होऊन चरबी पुन्हा तंतूंवर बसण्यापूर्वी लोकर उचलून तेवढ्याच उष्ण पाण्यात खळबळ न करता दोन-तीनदा बुडवून काढावी. पूर्ण वाळल्यावर ती पिंजून एकसारखे पदर तयार करावेत. एका पदरातील तंतू उभे तर पुढच्यातील आडवे ठेवल्यास थर सर्व दिशांनी सारखा मजबूत होतो.

हा थर थेट गोधडीत न घालता दाट विणीच्या पातळ कापडाच्या पिशवीत बंद करावा. बाहेर येणारे तंतू त्यामुळे अडतात. वरचे कापडही दाट विणीचे असावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. त्यामुळे ते शिवण्यापूर्वीच धुऊन वाळवणे आवश्यक आहे. जुन्या साड्या या दृष्टीने अधिक विश्वसनीय ठरतात, कारण त्यांचे आटणे पूर्वीच होऊन गेलेले असते.

शिवणीतील अंतर हा तिसरा निर्णायक घटक होय. गोधडीच्या परंपरेत धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींच्या अगदी जवळ असतात. लोकरीचा थर जागेवर धरून ठेवण्यासाठी ही परंपरा उपकारक आहे, कारण जे तंतू सरकू शकत नाहीत ते गुंतूही शकत नाहीत. मात्र ओळी फार दाट झाल्यास थर दबतो आणि ऊब देणारी हवाच नाहीशी होते. सुमारे दोन ते तीन इंचांचे अंतर या दोन्ही गरजांचा मेळ घालते. त्याशिवाय काढता येईल अशी सुती खोळ घातल्यास मळ खोळीवरच राहतो व मूळ गोधडी धुण्याचे प्रसंग फारच कमी होतात.

बाजारात यंत्रात धुता येणारी लोकरही मिळते. क्लोरीनची प्रक्रिया करून खवल्यांची टोके बोथट करणे आणि तंतूवर बहुवारिकाचा पातळ लेप देणे, ही तिच्यामागील प्रचलित पद्धत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या सहभागाने ती विकसित झाली. या प्रक्रियेच्या सांडपाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे उतरतात, हा तिच्यावरील प्रमुख पर्यावरणीय आक्षेप आहे. घरगुती स्तरावर ती करणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

धुलाई : केव्हा आणि कशी

लोकरीची गोधडी वारंवार धुण्याची आवश्यकता नसते. लोकर वास व ओल हवेत सोडून देते. म्हणून कोरड्या हवेच्या दिवशी ती सावलीत काही तास पसरून ठेवणे आणि हलकेच झटकणे, ही तिची नित्याची निगा होय. एखादा डाग पडल्यास तेवढाच भाग ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. संपूर्ण गोधडी वर्षातून एखाद्या वेळी, तीही पावसाळा टाळून, धुणे पुरेसे आहे. महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्चचे कोरडे दिवस यासाठी सोयीचे असतात.

धुताना पुढील क्रम पाळावा. प्रशस्त टबात किंवा हौदात सुमारे ३० अंश तापमानाचे, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागेल असे पाणी घ्यावे. त्यात सामू उदासीन असलेले द्रव प्रक्षालक आधी पूर्ण विरघळवावे. पठारी प्रदेशातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होऊन तो लोकरीत अडकतो, आणि तो काढण्यासाठी जास्त खळबळावे लागते. त्यामुळे साबण दुहेरी अपायकारक ठरतो. रिठ्याचे गाळलेले पाणी हा परंपरागत पर्याय येथे योग्य आहे. रिठ्यातील फेसाळ द्रव्य साबणासारखे अल्कधर्मी नसते आणि जड पाण्यात त्याचा साका होत नाही. प्रथिने पचवणारी विकरे असलेल्या धुण्याच्या पावडरी टाळाव्यात, कारण ज्या गुणाने त्या अन्नाचे डाग काढतात त्याच गुणाने लोकरीलाही इजा करतात. क्लोरीनयुक्त विरंजक तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. त्यात लोकर विरघळते.

गोधडी पाण्यात घडी घालून ठेवावी आणि दहा-पंधरा मिनिटे तळहातांनी केवळ दाबत राहावे. चोळणे, आपटणे, बडवणे व पिळणे वर्ज्य समजावे. नंतर गोधडी जागेवर ठेवूनच पाणी सोडून द्यावे आणि त्याच तापमानाचे स्वच्छ पाणी भरावे. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात नेणे टाळावे. शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातल्यास उरलेला अल्क नाहीसा होतो. लोकर सौम्य आम्लधर्मी स्थितीत सर्वांत स्थिर असते.

ओली गोधडी अतिशय जड होते. ती टोक धरून उचलल्यास शिवण उसवते व भरण एका बाजूला ओघळते. म्हणून खाली चादर सरकवून तिच्या आधाराने दोघांनी ती उचलावी. धुलाई यंत्र उपलब्ध असल्यास त्याचा केवळ पाणी काढण्याचा फेरा थोडा वेळ वापरता येतो, कारण त्या फेऱ्यात कापड भिंतीला दाबले जाते, घुसळले जात नाही. धुण्याचा घुसळणारा फेरा मात्र वापरू नये. त्यानंतर गोधडी दोरीवर न टांगता बाजेवर, सावलीत व वाऱ्यावर आडवी पसरावी आणि अधूनमधून उलटावी. प्रखर ऊन लोकरीला पिवळे व ठिसूळ करते. आतील ओल पूर्ण जाण्यास एकाहून अधिक दिवस लागू शकतात. वरून कोरडी लागली म्हणून घडी घालणे योग्य नाही.

कसर आणि साठवण

कापसाच्या गोधडीला नसलेला एक शत्रू लोकरीच्या गोधडीला असतो, तो म्हणजे कसर. पतंग स्वतः लोकर खात नाही. त्याच्या अळ्यांना केराटिन पचवता येते. घाम, तेल व अन्नाचे डाग असलेली लोकर त्यांना अधिक मानवते. त्यामुळे मळकी गोधडी पेटीत ठेवणे हीच मुख्य चूक ठरते. धुऊन पूर्ण वाळवलेली गोधडी घट्ट विणीच्या सुती कापडात बांधावी, पावसाळ्यानंतर उघडून झटकावी व काही वेळ उजेडात ठेवावी. अळ्यांना हालचाल आणि उजेड नकोसा असतो. कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत घरोघरी आहे. परंतु तिच्यावर विसंबून तपासणी टाळू नये. डांबराच्या गोळ्यांची वाफ, विशेषतः तान्ह्या मुलांना, अपायकारक ठरू शकते. म्हणून बाळाच्या पांघरुणाजवळ त्या ठेवू नयेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. लोकरीचे भरण उबदार, आर्द्रता सामावणारे आणि दीर्घकाळ फुगीर राहणारे आहे. त्याची धुलाई शक्य आहे. मात्र ती सुती गोधडीच्या परंपरागत धुलाईच्या जवळजवळ उलट पद्धतीने करावी लागते. दख्खनी लोकर भरणासाठी वापरावयाची असल्यास बाहेर येणारे तंतू रोखणारी आतली पिशवी, योग्य अंतराची शिवण आणि काढता येणारी खोळ या तीन गोष्टी अनिवार्य आहेत.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयाचा अभ्यास अल्प साधनांत करता येण्याजोगा आहे. दख्खनी लोकर भरलेले एकाच मापाचे लहान नमुने शिवून, त्यांची लांबी, रुंदी व जाडी मोजून, त्यांतील काही रिठ्याने दाबून, काही साबणाने चोळून आणि काही यंत्रात धुऊन, प्रत्येक धुण्यानंतर होणारा बदल नोंदवणे हा गृहविज्ञान व रसायनशास्त्र या दोन्ही विभागांना मिळून करता येईल असा प्रकल्प आहे. शिवणीतील अंतर आणि आतल्या पिशवीचे कापड बदलून त्याची व्याप्ती वाढवता येईल. अशा मोजमापांवर आधारलेली निगेची सूचना मराठीत छापून प्रत्येक गोधडीसोबत जोडली गेली, तरच विकत घेणाऱ्याच्या घरी ती पहिल्या धुण्यात वाया जाणार नाही. रानात टाकून दिल्या जाणाऱ्या लोकरीला मोल मिळणे आणि मेंढपाळाला कातरणीचा खर्च तरी भरून मिळणे, हे अखेरीस त्या पहिल्या धुण्यावर अवलंबून आहे.